अकरा खोट्या लगोऱ्या

"वाळू आहे यात."

तंबूच्या कापडाला लागूनच व्हर्ना पातेलं ढवळत पुटपुटत होती. "एक्कावन्न वर्षं झाली. दर एप्रिलला ओटमीलमध्ये वाळू. आत्तापर्यंत पोटात एक टेकडी तयार झाली असेल माझ्या. आणि या माणसाला कळलं, तर तिच्यावरही चढू या म्हणेल."

आत पडलेल्या लॉर्नाला ते ऐकून बरं वाटलं. आई कुरकुरतेय म्हणजे दिवस सुरळीत सुरू झालाय. आई गप्प झाली की घाबरायचं, आणि टूसॉनहून निघाल्यापासूनच्या चार दिवसांत आई बरेचदा गप्प झाली होती.

कारण आज दुपारी उतार होता.

पठारावरून खाली जायला दोन रस्ते. एक डांबरी, पण ऐंशी मैलांचा वळसा घेणारा. दुसरा कड्याच्या अंगावर कोरलेला, खडीचा, तीन मैलांचा, एका अंगाला भिंत आणि दुसऱ्या अंगाला हवा. कठडा नाही. या कुटुंबाने डांबरी रस्ता आजवर फक्त नकाशात पाहिला होता. दरवर्षी उतारावरून गाडी खाली न्यायची ती लॉर्नाच्या बापाने, हार्लनने. आणि गेल्या हिवाळ्यापासून हार्लनला दिसत नव्हतं.

म्हणजे अगदीच नाही असं नाही. कडेकडेचं दिसायचं. नेमकं मधलं, ज्याच्याकडे बघावं तेच, कुणी बोळ्याने पुसल्यासारखं जायचं. डॉक्टरांनी हे व्हर्नाला सांगितलं, व्हर्नाने फोनवर लॉर्नाला सांगितलं, लॉर्नाने नवऱ्याला, ब्रेंटला सांगितलं. चौदा वर्षांच्या पायपरला कुणीच सांगितलं नाही, त्यामुळे तिला सगळ्यांच्या आधी कळलं. हार्लनला तर माहीत होतंच, डोळे त्याचेच होते. फक्त घरात ते वाक्य कुणी मोठ्याने उच्चारलेलं नव्हतं. व्हर्नाची सक्त ताकीद होती. थँक्सगिव्हिंग होऊ दे, मग बघू. मग नाताळ होऊ दे. मग एप्रिलची ट्रिप होऊ दे, एवढी एक. तोवर ती त्याला गाजरं खायला घालत होती. उकडलेली, किसलेली, केकमध्ये लपवलेली. हार्लनचे तळहात चक्क पिवळे झाले होते.

बरं, माणूस कोण, तर ज्याने बत्तीस वर्षं काउंटीचे कच्चे रस्ते खरडायचं यंत्र चालवलं तो. खडीच्या रस्त्यावर गाड्या धावून धावून पत्र्यासारखी पन्हळ उठते, ती मोडायची, खड्डे भरायचे, पुन्हा पन्हळ उठायची वाट बघायची, हे त्याचं आयुष्य. परक्या काउंटीत शिरलं की त्याचं तोंड सुरू व्हायचं. हा कुणी खरडलाय, पातं तिरकं धरलंय, पाणी कुठे जाणार इथलं. कच्चा रस्ता त्याला बुडाने वाचता यायचा. हल्ली तो बुडानेच वाचायचा.

डांबरी रस्त्यावर गाडी चालवणं मात्र त्याने सोडून दिलं होतं. त्याला कारण ब्रेंटची कंबर. निघायच्या आदल्या दिवशी ब्रेंटच्या कंबरेत अशी काही चमक भरली, की नुसतं बसलं की दुखायची आणि गाडी चालवायला घेतली की राहायची. हा ओहायोचा जावई, लग्नाला वीस वर्षं झाली तरी सासऱ्याला 'सर' म्हणणारा. खोटं बोलताना त्याचे कान लाल व्हायचे. पण हार्लनला कान दिसत नव्हते. तो म्हणाला, घे बाबा, डांबर काय, कुणीही चालवतं. खडी लागली की माझ्याकडे दे.

टूसॉनबाहेरच्या एका खडीच्या तुकड्यावर हार्लनने गाडी घेतली तेव्हाची गोष्ट. आडरस्त्याला समोरून कुणी आलं तर स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलायची, ही तिकडची रीत. हार्लनने दोन बोटं उचलली. समोर एक सग्वारो होता. माणसाहून तिप्पट उंच, हात वर केलेला, दीडशे वर्षांचा निवडुंग. मग शेजारी बसलेल्या ब्रेंटनेही दोन बोटं उचलली, सासऱ्याला एकटं पडू द्यायचं नाही म्हणून. ते बघून व्हर्नाने उचलली. सगळ्या गाडीने त्या निवडुंगाला रामराम केला आणि गाडी पुढे गेली. बऱ्याच वेळाने पायपर म्हणाली, "तो बोललाच नाही काही." लॉर्नाला हसू आवरण्यासाठी खिडकीबाहेर तोंड काढावं लागलं आणि तिची टोपी उडून गेली.

तर आजचा बेत असा, की सकाळी कपारीतलं जुनं धान्याचं कोठार बघून यायचं, आणि दुपारी उतार. ओटमील खाताना लॉर्नाने मनाशी ठरवलं, की कोठाराच्या वाटेवर, एखाद्या सावलीत, डॅडीला बाजूला घेऊन बोलायचं. ती शाळेची मुख्याध्यापिका होती. तीनशे पोरं तिला टरकून असायची आणि त्यांचे आईबाप त्याहून. मागच्या सीटवर बसून, शेजारी पोटची पोर घेऊन, त्या उतारावरून हवेत जायची तिची तयारी नव्हती. वाक्यसुद्धा तिने तयार केलं होतं. त्यात 'आम्हाला सगळ्यांना तुझी काळजी वाटते' असं काहीतरी होतं. आठवलं की तिलाच त्याचा कंटाळा यायचा.

कोठाराच्या वाटेला वाट म्हणायचं ते उगाच. सगळा उघडा खडक, लाटांसारखा वर-खाली, मैलच्या मैल. त्यावर पाऊल उमटत नाही. म्हणून आधी गेलेल्यांनी दगडावर दगड ठेवून लगोऱ्या रचलेल्या, एकीपासून दुसरी दिसेल इतक्या अंतरावर. हार्लनचा नियम लॉर्ना चालायला लागली तेव्हापासूनचा. सगळ्यांत पुढे तो. लगोरीपाशी थांबायचं, पुढची शोधायची, आणि दिसली की मोठ्याने सांगायचं, दिसली. तो शब्द आल्याशिवाय मागच्यांनी पाय उचलायचा नाही. दिसली नसताना दिसली म्हणणं हे या घरात सगळ्यात मोठं पाप होतं. लॉर्ना सात वर्षांची असताना, भूक लागली म्हणून, खोटंच दिसली म्हणाली होती. त्यावर हार्लनने तिला मारलं नाही की ओरडला नाही. नुसता खाली बसला आणि तिला म्हणाला, पाणी संपलं की या शब्दाशिवाय आपल्याकडे काही नसतं.

आज पहिल्या लगोरीपाशी हार्लन थांबला. कपाळावर हात धरला. मान जराशी तिरकी करून, पक्षी बघतात तसं, कडेच्या नजरेने खडक चाचपू लागला.

लॉर्ना मागे उभी होती. तिला लगोरी दिसत होती, जुनिपरच्या झाडाखाली, वीतभर, तांबड्या खडकावर तांबडीच. बापाचं तोंड त्या दिशेला वळलं तसं तिने खोकून घेतलं. त्याच क्षणी व्हर्ना पुढे झाली, मान भाजेल म्हणाली, आणि क्रीम लावता लावता तिने त्याची मान नळाच्या तोटीसारखी योग्य त्या बाजूला पिळली. तेवढ्यात ब्रेंट म्हणाला, "सर, ते जुनिपरचं झाड किती देखणं आहे, नाही?"

"दिसली," हार्लन म्हणाला.

असं चार वेळा झालं. प्रत्येकाची समजूत, की आपण एकटेच हे पुण्यकर्म करतोय. पाचव्या लगोरीला मात्र गोंधळ उडाला. ब्रेंटला भलताच दगड लगोरी वाटला आणि त्याने त्या बाजूच्या ढगाची स्तुती सुरू केली, लॉर्ना दुसऱ्या बाजूला खोकली, आणि व्हर्नाच्या हाताखाली त्या बिचाऱ्याची मान दोनदा गेली आणि दोनदा परत आली.

हार्लन मान सोडवून घेत म्हणाला, "मागे साथबिथ आलीय का? सगळे खोकतायत, नाहीतर कविता करतायत."

पायपर या सगळ्यात नव्हती. ती केव्हाच पुढे पळाली होती. घाईची लागलीय म्हणून गेली, ती आलीच नाही, आणि त्या वयाच्या मुलीला कुणी काही विचारत नाही.

सहाव्या लगोरीपासून चमत्कार सुरू झाला. हार्लन थांबला, मान तिरकी केली, आणि कुणी खोकायच्या आत म्हणाला, "दिसली." खरंच होती. कंबरेएवढी उंच, पांढऱ्या दगडांची, तांबड्या खडकावर नाकात मोती घालावा तशी चमकणारी. त्याच्या पुढचीही तशीच. हार्लनची चाल बदलली. पाठ सरळ झाली. तो शीळ घालू लागला. लॉर्नाने बापाला असं चालताना गेल्या हिवाळ्यापासून पाहिलं नव्हतं.

व्हर्ना लेकीजवळ आली, डोळ्यांत पाणी, आणि कुजबुजली, "गाजरं लागू पडली."

ब्रेंटचं मत पडलं, की त्याने वाढदिवसाला दिलेल्या गॉगलचा हा गुण आहे. नवराबायकोत नाही, पण जावई-सासूत त्यावरून थोडं वाजलंसुद्धा, दबक्या आवाजात. लॉर्नाच्या मनात आलं, डॉक्टरही चुकतात. चुकू शकतात. सावलीत बाजूला घेऊन बोलायचं वाक्य तिने हळूच मागे सारलं, आणि ते मागे सारताना तिला जे हलकं वाटलं, त्याची तिला पुढे बरेच दिवस लाज वाटणार होती.

त्यांच्यामागून एक जर्मन जोडपं येत होतं. दोघांच्या हातात काठ्या, डोक्याला रुमाल. म्हाताऱ्याचा आत्मविश्वास बघून त्यांनी आपला नकाशा घडी करून ठेवला होता आणि ते विश्वासाने पाठोपाठ चालले होते.

सात, आठ, नऊ, दहा. सोळावी लगोरी, म्हणजे पांढऱ्यांतली अकरावी, सगळ्यात उंच होती. तिच्या शेजारी पायपर उभी होती, घामाघूम, हात मातीने माखलेले, चेहरा कागदासारखा. हार्लन शीळ घालत आला, लगोरीच्या पुढे दोन पावलं गेला, आणि तिथेच खिळला.

"वारा खालून येतोय," तो म्हणाला.

त्याच्या बुटापासून चार हातांवर खडक संपत होता. पावसाळ्यात जिथून पाणी कोसळतं ती कोरडी कड. खाली शंभर फूट काही नव्हतं, आणि त्याच्याखाली झाडांचे शेंडे. लॉर्नाने पुढे होऊन बापाचा दंड धरला.

जर्मन जोडपं पोचलं. बाईने अदबीने विचारलं, ते जुनं कोठार हेच का?

"नाही बाई," हार्लन म्हणाला, "हा नवा मूर्खपणा आहे."

मग तो मागे वळला आणि त्याने लगोरीवर हात ठेवला. वरचा दगड उचलला, अंगठ्याने त्याचं पोट चाचपलं. वाळवंटातला दगड वर्षानुवर्षं पडून राहिला की त्याची उन्हाकडची बाजू गुळगुळीत होते आणि पोट खरखरीत राहतं. याचं पोट वर होतं, आणि त्याला ओली माती चिकटलेली होती. हार्लनने दुसरा दगड चाचपला, तिसरा चाचपला. व्हर्ना म्हणाली, देखावा फार छान आहे. ब्रेंट म्हणाला, हो, फारच. जर्मन गृहस्थ म्हणाला, विशेषतः डावीकडचा.

"हिला रचून तास झाला नाही," हार्लन म्हणाला. "किती रचल्यास?"

"अकरा," पायपर म्हणाली. आणि मग तिने धडधडा सांगून टाकलं, की जुन्या फारच बुटक्या आहेत, म्हणजे कुणालाही त्रास होईल अशा, म्हणून तिने ठरवलं की त्याच रचायच्या फक्त मोठ्या. पण पांढरे दगड जिथे होते तिथे तिथे जात गेली, आणि मग जुन्या कुठे गेल्या तेच तिला कळेना, आणि परत येऊन सांगावं तर ग्रँपा इतक्या जोरात शीळ घालत येत होता.

हार्लन बराच वेळ तिच्याकडे, म्हणजे तिच्या कानाच्या जरा बाजूला, बघत राहिला. लॉर्नाला वाटलं, आता तो विचारेल, का रचल्यास. आणि मग ते बाहेर पडेल. पण त्याने विचारलं नाही. म्हणाला, खोटी लगोरी उभी ठेवून जायचं नसतं, उद्या कुणीतरी हिच्या भरवशावर येईल. चला, मोडा.

मग ती वरात उलटी निघाली. अकराच्या अकरा मोडायच्या. नुसती लाथ घालून नाही, दगड जिथला तिथे, पोट खाली, पाठ वर. पायपर आठवून आठवून जागा सांगत होती. जर्मन जोडप्याला हे काम मनापासून आवडलं. त्यांनी काठ्या बाजूला ठेवल्या, बाह्या सारल्या, आणि एखादा दगड अर्धं बोट चुकला तरी ते पुन्हा नीट लावू लागले. व्हर्ना एका खडकावर बसून सफरचंद सोलत होती आणि सांगत होती, की कोठार हुकलं याचं तिला काडीचं दुःख नाही. एकवीस वेळा बघितलंय, एकदाही त्यात धान्य नव्हतं.

खऱ्या, बुटक्या लगोरीपाशी परत आल्यावर हार्लन पुढे झाला नाही. पायपरच्या पाठपिशवीचा पट्टा धरून म्हणाला, तू हो पुढे, मला मागून तुमची चाल बघायचीय, पाय वेडेवाकडे टाकता सगळे. पायपर पुढे झाली. थांबली, शोधलं, "दिसली" म्हणाली. त्याने पट्टा सोडला नाही. सगळ्या वाटभर सोडला नाही. आणि पाठीमागून येणाऱ्या एकाही माणसाला खोकला आला नाही.

तळावर आल्यावर तंबू उतरवले, गाडीत भरले. हे काम नेहमी भांडत व्हायचं, आज सगळे एकमेकांना 'घे ना', 'दे ना' करत होते, कुणाच्या मयताला आल्यासारखे. लॉर्नाने गाडीची किल्ली सकाळीच आपल्या खिशात घातली होती. तीन योजना तयार होत्या आणि तिन्ही एकामागून एक ढासळल्या. ब्रेंट म्हणाला, सर, माझी कंबर. हार्लन म्हणाला, मागच्या सीटवर आडवी घाल तिला. व्हर्ना म्हणाली, पोटात कळ येतेय, सपाट डांबरी रस्त्याने जाऊ या. हार्लन म्हणाला, पोट दुखतंय तर जवळच्या रस्त्याने जायला हवं. मग त्याने लॉर्नापुढे तळहात पसरला. पिवळा, घट्टे पडलेला तळहात.

आणि तीनशे पोरांच्या मुख्याध्यापिकेने त्यावर किल्ली ठेवली.

का ठेवली, ते तिला सांगता आलं नसतं. सगळे गाडीत बसले. हे तिला सगळ्यात आश्चर्याचं वाटलं, की सगळे बसले. आई पुढे बसली, मांडीवर थर्मास घेऊन. नवरा बसला, लेक बसली. पट्टे लागले, खट, खट, खट. माणसाला वाईट वाटू नये म्हणून पाच जणांचं कुटुंब कड्यावरून खाली जायला रांगेने पट्टे लावून तयार होतं.

तळापासून उताराच्या तोंडापर्यंत अर्धा मैल सरळ खडी आहे. हार्लनने ती पायी चालल्यासारखी सावकाश कापली. रस्त्यावर एक शब्द बोलला नाही, पातं तिरकं की सरळ, काही नाही. तोंडाशी पिवळी पाटी आली, तिथे तो दरवर्षी थांबतो तसा थांबला आणि त्याने गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. काचेपुढे रस्ता डावीकडे वळून नाहीसा होत होता. समोर नुसती दरी, आणि तिच्या तळाशी तांबड्या जमिनीवर ढगांच्या सावल्या.

ब्रेकवरून त्याचा पाय उचलला गेला नाही. इंजिन घुरघुरत राहिलं.

"उतरवू?" त्याने विचारलं.

एक्कावन्न वर्षांत त्याने हे कधी विचारलं नव्हतं. व्हर्ना थर्मासचं झाकण उघडू लागली, मग लावू लागली. ब्रेंट आपल्या गुडघ्यांकडे बघत होता. पायपरने लॉर्नाचा हात शोधून धरला, मातीने अजून खरखरीत असलेल्या हाताने. पुढच्या आरशात लॉर्नाला बापाचे डोळे दिसले, तिच्याकडे नाही, तिच्या जरा बाजूला लागलेले, आणि तो घाईत नाही हे तिला दिसलं. तो नुसता थांबलेला होता.

तिने पट्टा सोडला. दार उघडून खाली उतरली. खडीवरून गाडीला वळसा घालून त्याच्या बाजूला आली, आणि त्याचं दार उघडलं. खालून वारा येत होता. तयार केलेलं वाक्य तिला आठवलं नाही.

"डॅडी," ती म्हणाली, "तुला दिसत नाही."